उसनी मिल्ड्रेड

सरकारने आम्हाला हेलिकॉप्टर दिलं, असं काउंटीतले लोक अजून म्हणतात. दिलं वगैरे काही नव्हतं. उसनं दिलं होतं, आणि उसन्या वस्तूचे जेवढे नखरे असतात तेवढे सगळे त्याच्यासोबत आले होते. सैन्याला नको झालेली विमानं आणि हेलिकॉप्टरं केंद्राच्या वनखात्याकडे जातात आणि वनखातं ती आमच्यासारख्या आडगावच्या अग्निशमन दलांना वापरायला देतं. मालकी सरकारचीच. वापर फक्त वणव्यासाठी. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, बर्फात अडकलेल्या गुरांना वरून गवत टाकायलाही न्यायचं नाही. सैन्याचा रंग ठेवायचा नाही, तो आपल्या खर्चाने बदलायचा. आणि देण्याआधी सैन्य त्यातले स्वतःचे वायरलेस उचकटून घेतं. ते कुठे होते हे भोकांवरून कळतं.

मी वर्ना. सॉरेल खोऱ्याच्या अग्निशमन दलात वायरलेसवर बसते. दल म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. दोन म्हातारे बंब, पाण्याची एक टाकी, आणि एरवी गुरं राखणारी, शाळेची बस चालवणारी, लाकूड कापणारी माणसं. दलाचा प्रमुख माझा धाकटा भाऊ हॉलिस. तरुणपणी सैन्यात त्याने हेच हेलिकॉप्टर चालवलं होतं, म्हणजे हेच नाही, याची भावंडं. लांब ट्रकवर बांधून ते आमच्या जत्रेच्या मैदानावर आलं तेव्हा हॉलिस त्याच्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "वर्ना, माझ्यापेक्षा बरं टिकलंय गं."

"तुझ्यापेक्षा सगळंच बरं टिकतं," मी म्हटलं. त्याच्या दोन बायका त्याला सोडून गेल्या होत्या, त्यामुळे हे बोलायचा मला हक्क होता.

रंगवायचं काम माझ्या नवऱ्याने घेतलं. एमेटचं ठोकलेल्या गाड्या सरळ करून रंगवायचं दुकान होतं, आमच्या घरालाच लागून, वर बॅजरच्या घळीत. घळ म्हणजे घळच. दोन्ही बाजूंना पाइनचे चढ, मधून एक ओढा, ओढ्याच्या काठाने एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावर आमच्यासारखी काही घरं. आत जायचा रस्ता तोच, बाहेर पडायचाही तोच.

रंग कोणता यावर गावात जवळजवळ मारामारी झाली. शेवटी शाळेच्या संघाचा भगभगीत नारिंगी ठरला. एमेट हिवाळाभर मैदानावरच्या गोठ्यात शेकोटी लावून त्या धुडाला घासत बसला. मी डबा घेऊन गेले की हा शिडीवर, तोंडाला फडकं, भुवयांवर नारिंगी धूळ.

"जेवायला उतरतोस की तिथेच घर मांडतोस तिच्याबरोबर?"

"हळू बोल. तिला ऐकू जातं."

"मला चाळीस वर्षांत एकदाही रंग लावून दिला नाहीस स्वयंपाकघराला."

"स्वयंपाकघर उडून येणारे का मला वाचवायला?"

नाव शाळेच्या मुलांनी ठेवलं, मिल्ड्रेड. मिल्ड्रेड ओट्स ही आमच्या शाळेतली स्वयंपाकीण होती. आम्ही सगळे तिच्या हातचं जेवून वाढलो. तिच्या रांगेतून कोणी रिकाम्या ताटाने परत गेलं नाही, आणि पुरे म्हटलं तरी ती आणखी एक पळी ओतायचीच. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली दोराने बादली लटकते, ती तळ्यात बुडवायची आणि आगीवर ओतायची. तेव्हा नाव चपखल होतं. एमेटने ते दारावर पांढऱ्या अक्षरांत काढलं आणि पोटाखाली, जिथे फक्त खालून पाहणाऱ्यालाच दिसेल, तिथे एक बॅजर काढला, आमच्या घळीला ज्याचं नाव आहे तो बिळात राहणारा, पट्टेरी तोंडाचा प्राणी. हातात पळी घेतलेला.

चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मिल्ड्रेडला आणायचं ठरलं तर कळलं, उडवता येणार नाही, कारण मिरवणूक म्हणजे वणवा नव्हे. मग गार्नरने डोकं लढवलं. गार्नर आमच्या काउंटीचा निवडून आलेला सदस्य, त्याला फोटोची फार हौस. त्याने मिल्ड्रेडला ट्रॅक्टरला बांधून रस्त्याने ओढत आणलं. उडालीच नाही, तर नियम मोडला कुठे? पुढे बँड, मागे घोडे, मध्ये ती. गार्नर पायरीवर उभा राहून हात हलवत होता. भाषणात म्हणाला, "या खोऱ्यातल्या माणसाला यापुढे आपलं घर सोडून पळावं लागणार नाही." लोकांनी टोप्या उडवल्या. एमेटनेही उडवली.

खरी गोष्ट अशी की मिल्ड्रेडला वणव्यावरही उडायची परवानगी नव्हती.

त्यासाठी वनखात्याचा परवाना लागतो. हेलिकॉप्टरचा वेगळा, पायलटचा वेगळा. तपासणीस प्रुइट वसंतात येऊन गेला होता. चांगला माणूस होता, बूट पुसून आत आला. मिल्ड्रेडच्या शेपटीतला एक भाग हातात घेऊन त्याने हॉलिसला विचारलं, "हा किती वापरलाय?"

"नव्यासारखा आहे. बघा ना."

"दिसतोय नव्यासारखा. पण किती वापरलाय याची नोंद सैन्याकडून आलेली नाही. नोंद नाही, म्हणजे माझ्या लेखी तो संपलेला आहे. बदलावा लागेल. तुम्हालाही डोंगरात पुन्हा थोडं उडून दाखवावं लागेल, हॉलिस. आणि वायरलेस. हा हातातला छोटा चालणार नाही. डोंगराच्या आड गेलात की तुम्ही मुके आणि बहिरे."

हॉलिसने तो भाग मिळवला. गावाने पॅनकेकचे नाश्ते घालून घालून पैसे उभे केले; त्या वर्षी मला पॅनकेकचा वाससुद्धा नकोसा झाला होता. वायरलेस मागवला, तो येतच होता. पण पुढची तपासणी कधी, असं विचारलं तर प्रुइटने सांगितलं, सप्टेंबरच्या शेवटी. "माझ्याकडे माणसं दोन आणि राज्यं पाच. तुमच्यासारखी हेलिकॉप्टरं सरकार वाटत सुटलंय, तपासणारे कोणी वाटत नाही."

"मग मी आगीला काय सांगू?" हॉलिस म्हणाला. "बाई गं, सप्टेंबरपर्यंत कळ काढ?"

प्रुइटने जाताना एकच गोष्ट दोनदा सांगितली. आगीवर सरकारी विमानं काम करत असतील आणि बिनपरवान्याचं काहीही त्या आकाशात दिसलं, तर सरकारी विमानं निघून जातात. धुरात टक्कर होऊ नये म्हणून. यात कोणाची मर्जी चालत नाही, त्याचीही नाही.

आता आमच्या खोऱ्यातली एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं. जूनपासून पहिल्या पावसापर्यंत आमच्याकडे कोणी गाडी तोंड आत करून लावत नाही. सगळ्या गाड्यांची नाकं रस्त्याकडे. किल्ली गाडीतच. पाहुणा आला आणि त्याने चुकीची लावली तर आपण बाहेर जाऊन फिरवून ठेवायची, त्याला विचारायचंही नाही. भोंगा वाजला की घोडे चढवायचे, आल्बम घ्यायचे, निघायचं. घळीतले लोक आधी. जत्रेच्या मैदानावर जमायचं, पत्ते खेळायचे, एकमेकांच्या कॉफीला नावं ठेवायची. घर राहिलं तर राहिलं. माझ्या हयातीत आमची दोन घरं जळली आणि त्यात मेलेलं फक्त एक मांजर, तेही आधीच म्हातारं. गाडी सर्वांत आधी मैदानावर यायची ती एमेटची. लोक चिडवायचे, एमेटला धुराच्या आधी वास येतो.

त्या उन्हाळ्यात मी एकदा घरी आले तर त्याचा ट्रक नाक दुकानात घालून उभा. मागे शिडी, मागे रंगाचे डबे.

"हे काय?"

"सावलीत ठेवलाय. उन्हाने बसायची जागा तापते."

"फिरव."

"अगं फिरवतो. काय एवढं? मिल्ड्रेड आहे ना."

"मिल्ड्रेडला परवाना नाही, हे तुला माहीत आहे."

"हॉलिसला तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस," एमेट म्हणाला. "वेळ आली तर तो खिशातला परवाना शोधत बसेल का?"

ते खरं होतं. त्या दिवशी ट्रक मीच फिरवला. पण तो रोज आत लावायचा आणि मी रोज थोडीच घरी असायचे? आणि तो एकटा नव्हता. घळीतून गाडी चालवताना मला दिसायचं, एकेका अंगणात गाड्यांची तोंडं आत वळत चालली होती. कोणी ठरवून केलं नाही. गेल्या वर्षापर्यंत घराभोवतीचं वाळलेलं गवत काढणारे लोकही यंदा खुर्ची टाकून बसले होते. सगळ्यांच्या तोंडी एकच, मिल्ड्रेड आहे ना.

ऑगस्टमध्ये कोरडी वीज पडली. पाऊस नाही, नुसत्या विजा, डोंगरापलीकडच्या सरकारी जंगलात. रात्रभर ते धुमसलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला तसं उठलं. मी दलाच्या खोलीत होते. खिडकीतून डोंगराच्या खांद्यावर धूर दिसला, आधी पांढरा, मग पिवळट, मग त्याच्या बुडाशी काळा. भोंगा वाजवला. दोन्ही बंब वर गेले.

वनखात्याच्या नियंत्रण कक्षात एक पोरगी होती, आवाजावरून कोवळी, पण डोकं शांत. मी टँकर विमानं मागितली, ती आग अडवणारं लाल औषध टाकणारी मोठी विमानं.

"सगळी पश्चिमेकडे गेली आहेत, मॅडम. तिकडे शहराला आग लागलीय. सध्या तुमच्यासाठी काही नाही."

"सध्या म्हणजे?"

"मी सांगू शकत नाही. मोकळी झाली की पहिला फोन तुम्हालाच करते."

मग मी एमेटला फोन लावला. बराच वेळ वाजला. एमेटने उचलला तेव्हा मागून पाण्याचा आवाज येत होता.

"कुठे आहेस?"

"छपरावर. फोन खिशात, नळी हातात. छप्पर भिजवतोय."

"एमेट, भोंगा ऐकलास ना? खाली ये आणि निघ."

"अगं धूर अजून खांद्याच्या पलीकडे आहे. गेल्या खेपेला निघालो आणि छप्पर ठिणग्यांनी गेलं. कोणी भिजवायला असतं तर राहिलं असतं. दुकानात तिघांच्या गाड्या आहेत, वर्ना. माणसांनी माझ्या भरवशावर ठेवल्यात."

"गाड्या खड्ड्यात जाऊ देत."

"तू मिल्ड्रेडला पाठव. ती आली की मी उतरतो. शप्पथ."

"ट्रक कसा लावलायस?"

तो म्हणाला, "फिरवतो. हे एवढं झालं की फिरवतो."

हॉलिस माझ्या मागे येऊन उभा राहिला होता हे मला कळलं नाही. त्याने हेल्मेट घेतलेलं होतं. माझ्या हातातून फोन काढून त्याने जागेवर ठेवला.

"टँकर?"

"नाहीत. पश्चिमेकडे आहेत सगळे."

"मग आकाश रिकामं आहे," तो म्हणाला. "रिकाम्या आकाशात मी कोणाला अडवतोय?"

"हॉलिस, परवाना."

"तुझा नवरा छपरावर बसलाय."

मी थांब म्हटलं नाही. आज तीच वेळ पुन्हा आली आणि मला पुढचं काही माहीत नसलं, तर आजही म्हणणार नाही. तो जावा असं मला वाटत होतं. मैदानावरून मिल्ड्रेड उठली तेव्हा जमलेल्या लोकांनी जो ओरडा केला तो मला बंद खिडकीतून ऐकू आला. ती पहिल्यांदाच खरंच कामासाठी उडत होती. नारिंगी रंग उन्हात असा काही चमकला की मला एमेटचा अभिमान वाटला. तिने गुरांच्या तळ्यात बादली बुडवली, उचलली आणि खांद्यावरून घळीत उतरली. मग दिसेनाशी झाली.

त्यानंतर लगेच फोन वाजला. तीच पोरगी, पण आता घाईत.

"मॅडम, दोन टँकर मोकळे झाले. तुमच्याकडे वळवलेत. वाट दाखवणारं छोटं विमान तुमच्यावर पोचतंच आहे. घळीच्या तोंडाशी दोन्ही कडांवर औषधाची रेघ मारतील, घरांच्या वर."

मी म्हटलं, "देव तुझं भलं करो."

"एकच विचारायचंय. छोट्या विमानाचा पायलट म्हणतोय, घळीत एक नारिंगी हेलिकॉप्टर आहे. ते कोणाचं?"

मी वायरलेस उचलला. "हॉलिस, बाहेर ये. टँकर येतायत. घळीतून बाहेर ये." काही नाही. नुसती खरखर. त्याच्याकडे तो हातातला छोटाच होता. मोठा अजून टपालात होता. मी पुन्हा ओरडले. बंबावरच्या माणसांना सांगितलं, त्याला हात करा, काहीही करा. ते म्हणाले, आम्हाला धुरात आमचेच हात दिसत नाहीत. एवढ्यात मिल्ड्रेड खांद्यावर आली असती तर माझं बोलणं त्याला मिळालं असतं. पण घळीतच वर आमच्या घरामागे ओढ्याचा डोह आहे. हॉलिसने दुसरी बादली तिथूनच भरली. जवळ पडतं म्हणून. शहाणपणाने केलं.

"मॅडम, ते हेलिकॉप्टर बाहेर येतंय का?"

"येतंय. थांबायला सांग त्यांना. दोन मिनिटं थांबायला सांग."

"ते थांबलेत. घिरट्या घालतायत."

मला विमानांचा आवाज ऐकू येत होता. मोठा, जड आवाज, डोक्यावरून गेला, परत आला, पुन्हा गेला. मी वायरलेसमध्ये भावाचं नाव घेत राहिले. मग पोरगी म्हणाली, "त्यांना धुरात ते हेलिकॉप्टर मधूनच दिसतंय आणि मधूनच दिसत नाही. त्यांना खाली येता येणार नाही, मॅडम. शहरावरून परत मागणी आलीय. मला माफ करा. ते निघाले."

मग तो जड आवाज पश्चिमेकडे लांब गेला.

एमेटने स्वतःहून फोन केला. त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"आली बघ! मिल्ड्रेड आली, वर्ना! डोक्यावरून गेली. बॅजर दिसला मला, पळी घेतलेला! छपराच्या मागे अशी ओतली म्हणतेस..."

"आता उतर. तू शप्पथ घेतलीस."

"उतरतोय. अगं, पण वारा फिरला. खालून यायला लागलाय. खालून कसा काय..." मग शिडीचा आवाज आला, आणि तो स्वतःशीच पुटपुटल्यासारखा म्हणाला, "ट्रक." फोन तसाच चालू राहिला, खिशात असावा. इंजिन लागल्याचं मी ऐकलं. काहीतरी धाडकन पडलं, डबे असतील. पुढे गेलं, मागे गेलं, पुन्हा पुढे. मग फोन बंद पडला.

संध्याकाळी बंब वर पोचू शकले. ट्रक अंगणात आडवा होता. मागे घेताना चाक ओढ्याच्या चरात उतरलं होतं. नाक निम्मं रस्त्याकडे वळलं होतं. घळीत आणखी कोण कोण गेलं ते मी सांगणार नाही, ती माणसं ज्यांची आहेत त्यांना सांगू दे. गाड्या मात्र बहुतेक अंगणातच सापडल्या.

हॉलिस डोळ्यांनी काही दिसेनासं झाल्यावर कसाबसा बाहेर आला होता. त्याने मला एकदाच सांगितलं, जत्रेच्या मैदानावर, गवतात बसून. "मी वरून त्याला पाहिलं. ट्रक मागे येत होता. माझ्या बादलीत पाणी होतं. मी त्याच्या पुढ्यात ओतलं, वर्ना. ते जमिनीला लागलंच नाही, मधेच वाफ झालं." मग म्हणाला, "टँकर आले होते?" त्याला कोणीतरी सांगितलेलं दिसत होतं. मी हो म्हटलं. खोटं बोलून काय मिळणार होतं? त्याने मान हलवली आणि हेल्मेट गवतावर ठेवलं. ते त्याने पुन्हा उचललं नाही. आता तो नेवाडात कुठेतरी ट्रक चालवतो. नाताळला फोन करतो, आम्ही हवेबद्दल बोलतो.

चौकशी झाली. माणसं चांगली होती, सगळीच चांगली होती, हाच तर त्रास आहे. ओरडायला मला एक नालायक माणूस सापडला नाही. त्यातल्या त्यात गार्नर होता. मी त्याच्या दारात जाऊन त्याला वाट्टेल ते बोलले. पण तो दारात उभा राहून लहान मुलासारखा रडला, आणि मी परत फिरले. चौकशीवाल्यांनी निष्कर्ष दिला: टँकरांनी रेघ मारली असती तर आग थांबली असती असं म्हणता येत नाही; थांबली नसती असंही म्हणता येत नाही. त्या वाक्यावर मी रोज झोपते आणि रोज उठते. त्यांनी ते सरळ माझ्या उशीवर आणून ठेवलं असतं तरी चाललं असतं.

अटी मोडल्या म्हणून हेलिकॉप्टर परत बोलावण्यात आलं. ज्या लांब ट्रकवरून आलं होतं तसल्याच ट्रकवर चढलं. ताडपत्री घातली होती, पण ती नीट बांधलेली नव्हती आणि वाऱ्याने उडून दाराचा कोपरा दिसत होता. पांढरी अक्षरं. रंगाला कुठे पोपडा आलेला नव्हता. जाळातून जाऊन आलं तरी नाही. एमेटचं काम तसंच असायचं. बघायला गावातलं कोणी आलं नव्हतं. मी आले होते, आणि ट्रक गेल्यावर काय करावं हे न कळून मैदानावरच उभी राहिले.

मी आता गावात बहिणीच्या मुलीच्या घरामागच्या खोलीत राहते. वायरलेसवर अजून बसते. दुसरं येत नाही मला काही.

या वसंतात दलाच्या खोलीत फोन आला. मोंटानातून, आमच्यासारखीच एक काउंटी, नावही मी कधी ऐकलं नव्हतं. बाईचा आवाज आनंदाने नुसता उतू जात होता. जोलीन म्हणून कोणी. तिकडच्या दलात वायरलेसवर बसते.

"तुमचं हेलिकॉप्टर आम्हाला मिळालंय! म्हटलं, आधीच्या लोकांना विचारावं, काही सांभाळण्यासारखं आहे का. आणि इतका सुंदर रंग! आमचे लोक म्हणतात, बदलायचाच नाही. फक्त नाव बदलू. कोणी रंगवलं हो?"

"माझ्या नवऱ्याने."

"त्यांना आमचा नमस्कार सांगा. पोटाखालच्या त्या बॅजरवर तर पोरं फिदा आहेत."

मग मी तिला सगळं सांगितलं. ताडपत्रीखालून आलेल्या त्या वस्तूबद्दल तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. छप्पर, टँकर, घिरट्या, वायरलेस, ट्रक. मी रडले नाही, नीट क्रमाने सांगितलं, चौकशीपुढे सांगितलं होतं तसं. मग ती म्हणाली, "किती वाईट झालं हो. मला माहीत नव्हतं." मनापासून म्हणाली. मग थोडं थांबून, "पण आमच्याकडे तसं नाही होणार. आमचा परवाना झालाय. वायरलेसही नवेकोरे बसवलेत."

"चांगलं आहे," मी म्हटलं. "एक विचारू? तुम्ही कुठे राहता, जोलीन? गावात?"

"नाही, वर डोंगरात. आम्ही आणि आईवडील."

"गाड्या कशा लावता? उन्हाळ्यात?"

"म्हणजे?"

"नाक रस्त्याकडे करून लावता का?"

"हो तर! आमच्याकडे सगळेच तसे लावतात." मग ती हसली, जरा लाजून. "म्हणजे लावायचे. वडील यंदा ऐकेनात. म्हणतात, आता कशाला? हेलिकॉप्टर आलंय ना."

"त्यांना फिरवायला सांगा," मी म्हटलं. "आज सांगा. आत्ता जाऊन सांगा."

"सांगते, सांगते," ती म्हणाली, म्हाताऱ्या बायांना म्हणतात तसं. मागून कोणीतरी तिला हाक मारून विचारत होतं, रविवारच्या पॅनकेकसाठी अंडी किती आणायची.